हरलेल्याचं करायचं काय? (व्हर्सायचा तह आणि तीन मार्कांचं उत्तर)

रानजाई | सोमवार, रात्री १०:५०

लेक बारावीला आहे, आर्ट्सला. काल जेवणं उरकल्यावर इतिहासाची उजळणी चालली होती. ‘व्हर्सायच्या तहातच दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती. विधान सकारण स्पष्ट करा.’ मार्क तीन. आमच्या वेळचं उत्तर अजून पाठ आहे, घडाघडा म्हणून दाखवलं. जर्मनीवर अपमानकारक अटी लादल्या, सैन्य एक लाखावर आणलं, वसाहती काढून घेतल्या, अल्सेस-लॉरेन फ्रान्सकडे गेलं, न झेपणारी नुकसानभरपाई बसवली, जनता चिडली, हिटलर आला.

लेक म्हणाली, "मग १९४५ नंतर तर जर्मनीचे सरळ दोन देश केले. तेव्हा कसं कोणी चिडलं नाही?"

मी ओटा आवरायला उठले.

तर मंडळी, हरलेल्या देशाला शिक्षा करावी का, केली तर किती, आणि कडक शिक्षेनं पुढचं युद्ध ओढवतं हे खरंच खरं आहे का? लिंका नकोत, आपल्या शब्दांत सांगा. पेपर पुढच्या सोमवारी आहे.

चिंचोका | ११:०५

ओटा आवरायला उठणे! जगातल्या निम्म्या परराष्ट्रमंत्र्यांनी अडचणीच्या वेळी हेच केलंय. बसलोय फुटाणे घेऊन.

बोरूबहाद्दर | ११:४०

ताई, तुमच्या जुन्या उत्तराला उगाच नावं ठेवू नका. हल्ली "व्हर्साय काही एवढा कडक नव्हता" म्हणायची टूम निघाली आहे.

जर्मन प्रतिनिधींना वाटाघाटींना बसूच दिलं नाही. ७ मे १९१९ ला मसुदा हातात ठेवला आणि सांगितलं, काय म्हणायचं ते पंधरा दिवसांत लेखी द्या. सही २८ जूनला. साराएव्होच्या खुनाला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं होत होती. तारीख जुळून आली असेल, पण जागा? व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल. तिथेच १८ जानेवारी १८७१ ला जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली होती. तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थंडावल्या, तरी समुद्रावरची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत उठवली नाही. उपाशी माणसाकडून घेतलेली सही आहे ती.

सुमारे १३ टक्के भूभाग आणि दहावा हिस्सा लोकसंख्या गेली. विमानदल ठेवायचं नाही, पाणबुड्या नाहीत, रणगाडे नाहीत. सारच्या कोळसा खाणी फ्रान्सला. आणि वर कलम २३१, सगळ्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या दोस्तांची. अर्थतज्ज्ञ केन्स ब्रिटिश ट्रेझरीतर्फे तिथे होता, तो हे सगळं बघून राजीनामा देऊन निघून आला. तो काही जर्मनांचा भाट नव्हता.

सुट्टे पैसे | ११:५२

रच्याकने, त्या तहावर भारताचीही सही आहे. माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. म्हणजे आपणही विजेते होतो बरं का.

चिंचोका | ११:५५

हो, आणि विजेत्यांना बक्षीस सहीच्या आधीच मिळालं होतं. सही जूनमध्ये, जालियनवाला बाग एप्रिलमध्ये.

ऱ्हाइनकाठ | मंगळवार, पहाटे ३:१०

(आमच्याकडे रात्रच आहे, मध्यरात्रही झालेली नाही.)

बोरूबहाद्दर, एक दुरुस्ती. २३१ मध्ये ‘अपराध’ हा शब्दच नाही. तसंच कलम ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहांतही होतं. आणि लगेच पुढचं २३२ सांगतं की जर्मनीची ऐपत एवढी नाही, म्हणून नागरी नुकसानीपुरतंच द्यावं. २३१ हा वकिली पाया होता: जबाबदारी आधी तत्त्वतः पूर्ण लावायची, मग प्रत्यक्षात कमी करायची. जर्मनीत मात्र त्याचं भाषांतर, प्रचार आणि शाळेतले धडे असे झाले की सगळा देश त्या एका कलमावर दात ओठ खात राहिला.

आणि जर्मनीनं स्वतः काय केलं होतं? मार्च १९१८ मध्ये रशियाशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह. पोलंड, बाल्टिक, युक्रेन, सगळं रशियापासून तोडलं. त्यापुढे व्हर्साय म्हणजे समजूतदार शेजारी.

मी जर्मनीत एसेनला राहतो. हा रूरचा भाग, ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन फौजा घुसल्या तो. निमित्त काय होतं माहिती आहे? लाकूड. नुकसानभरपाईत नुसता पैसा नव्हता, वस्तूही द्यायच्या होत्या. ठरलेले तारेचे खांब वेळेवर पोचले नाहीत, म्हणून डिसेंबर १९२२ मध्ये नुकसानभरपाई समितीनं जर्मनीला थकबाकीदार ठरवलं. पाठोपाठ कोळशाचंही तेच. त्या समितीवरचा ब्रिटिश प्रतिनिधी ब्रॅडबरी म्हणाला होता की ट्रॉयच्या घोड्यानंतर लाकडाचा असा वापर झाला नव्हता.

मग संप. सरकारनं संपवाल्यांना पगार द्यायला नोटा छापल्या. इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात मी एक नोट घेतली आहे, कपाटात फ्रेम करून ठेवली आहे. मुळात हजार मार्कांची, डिसेंबर १९२२ ची. तिच्यावर आडवा लाल शिक्का: एक अब्ज मार्क. नवीन नोट छापायला सवड नव्हती म्हणून जुन्याच नोटेवर शिक्का मारला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, १९१४ मध्ये ४.२ पडायचे. आकडा तोच, पुढे नुसती शून्यं.

कृपया "नुकसानभरपाईमुळे महागाई" एवढंच लिहू नका. युद्धाचा खर्च कर न वाढवता कर्ज काढून केला होता, रोग तेव्हाचाच. रूरनं तो हाताबाहेर नेला.

वसुलीवाले काका | मंगळवार, सकाळी ७:३०

तीस वर्षं एका बँकेच्या वसुली विभागात काढली. त्यामुळे मला यात देशाभिमान वगैरे दिसत नाही, खातं दिसतं.

मे १९२१ मध्ये लंडनला आकडा ठरला, १३२ अब्ज सोन्याचे मार्क. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण त्याचे तीन भाग होते, अ, ब आणि क रोखे. अ आणि ब मिळून ५० अब्ज, ते खरोखर वसूल करायचे. उरलेले ८२ अब्ज ‘क’ मध्ये. ते कधी येणार नाहीत हे घेणाऱ्यालाही माहीत होतं आणि देणाऱ्यालाही. मग लिहिले कशाला? तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या मतदारांना सांगितलेलं होतं की जर्मनी सगळं भरणार. आम्ही काय करायचो? खातं आतल्या आत बुडीत खात्यात टाकायचं, पण कर्जदाराच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. इथे उलटं केलं. आकडा चौकात फळ्यावर लिहिला आणि वसुली गुपचूप कमी ठेवली. कर्जदाराची बेअब्रू पूर्ण, पैसे अर्धेही नाहीत. प्रत्यक्षात जर्मनीनं साधारण २० अब्ज भरले.

तेही कसे? १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकन बँका जर्मनीला कर्ज द्यायच्या, जर्मनी त्यातून फ्रान्स-इंग्लंडला हप्ता द्यायचा, ते त्यातून अमेरिकेचं युद्धकर्ज फेडायचे. आमच्याकडे सोसायटीत मार्चअखेर याला नवं-जुनं करणं म्हणतात. सकाळी सावकाराकडून आणायचं, सोसायटीत भरायचं, दुपारी नवं पीककर्ज उचलायचं, संध्याकाळी सावकाराला परत. सावकारानं एका वर्षी हात वर केला की सगळे तोंडावर आपटतात. १९२९ ला सावकारानं हात वर केला. १९३१ ला अमेरिकेचा अध्यक्ष हूवर यानं हप्त्यांना वर्षभराची सुट्टी जाहीर केली, १९३२ ला लोझानला प्रकरण जवळजवळ गुंडाळलं. हिटलर आला जानेवारी १९३३ ला. म्हणजे तो आला तेव्हा खातं बंदच झालेलं होतं!

माझं मत: शिक्षा कडक की सौम्य हा मुद्दा दुय्यम. नोटीस काढणाऱ्यांचं आपसात जमत नव्हतं. फ्रान्सला जप्ती हवी होती, इंग्लंडला हप्ते पाडून हवे होते, आणि अमेरिकेच्या सिनेटनं तर तहाला मंजुरीच दिली नाही. कर्जदाराला हे पहिल्या महिन्यात कळतं.

रानजाई | ७:४८

काका, नवं-जुनं वाचून मोठ्यानं हसले. हे लेकीला एका फटक्यात कळलं, आमचं माहेर साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं.

माळढोक | ९:१५

काकांना अनुमोदन. फ्रान्सनं १८७१ ला हरल्यावर ५ अब्ज फ्रँक दंड भरला, तोही मुदतीआधी, सप्टेंबर १८७३ ला. कारण साधं होतं, पैसे येईपर्यंत जर्मन फौज फ्रान्समध्ये तळ ठोकून होती. दंड पुरा झाला, फौज गेली. लोकांनी रांगा लावून सरकारी रोखे घेतले.

बोरूबहाद्दर | ९:३०

आणि तरीही फ्रान्स अल्सेस-लॉरेन विसरला नाही, चाळीस वर्षं मनात ठेवलं. म्हणजे पैसे फिटतात, जमीन फिटत नाही. हंगेरीत ४ जून १९२० चा ट्रायनॉनचा तह अजून दुखतो. दोन तृतीयांश मुलूख गेला त्यांचा. आकड्यांत बघितलं तर जर्मनीपेक्षा हंगेरीला कितीतरी कडक शिक्षा झाली, पण आपल्या पुस्तकात त्याला अर्धी ओळ.

जामखेडकर | १०:२०

युरोप सोडा, आमच्या खर्ड्याचं घ्या. मार्च १७९५. निजामाचा पाडाव. तहात काय काय होतं: सुमारे तीन कोटींची खंडणी थकबाकीसकट, दौलताबादसह मुलूख, आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याला ओलीस. आमच्या भागात अजून छाती फुगवून सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, गादीचा घोळ सुरू झाला, नाना महाडला जाऊन बसले. कारभार परत मिळवायला निजामाचा पाठिंबा हवा होता. पुढच्याच वर्षी मिळवलेलं बहुतेक सगळं त्याला सोडून दिलं. ओलीस ठेवलेला दिवाण सुटून गेला तो गेलाच.

काका म्हणतात तेच. वसुली करणाऱ्यांचंच घर फिरलं.

सुट्टे पैसे | १०:३१

आणि १८१८ ला? इंग्रजांनी बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचा तनखा देऊन ब्रह्मावर्ताला बसवलं. हरलेल्याला पेन्शन. शिक्षेचा हा प्रकार पहिल्यांदाच ऐकला.

जामखेडकर | १०:३४

तनखा चालू होता तोवर सगळं शांत होतं. बाजीराव गेल्यावर दत्तक मुलाला नाकारला. पुढचं कानपूरला विचारा.

एस्पूचा पारा | दुपारी १:०५

वाचत होतो नुसता, पण आता राहवत नाही. फिनलंड कोणालाच कसा आठवला नाही?

१९४४ ला फिनलंड सोव्हिएत संघाशी हरला. शिक्षा बघा. कारेलिया गेला, व्हीपुरी हे मोठं शहर गेलं, तिथली चार लाखांवर माणसं एका बैलगाडीत मावेल तेवढं घेऊन इकडे आली. हेलसिंकीजवळचं पोर्काला लष्करी तळासाठी द्यावं लागलं. लढाईच्या काळातला राष्ट्राध्यक्ष रिस्तो रूती याला स्वतःच्याच देशातल्या कोर्टानं दहा वर्षांची सजा दिली, मॉस्कोच्या दबावाखाली. आणि ३० कोटी डॉलर दंड, तोही रोख नाही, मालात: जहाजं, रेल्वे इंजिनं, यंत्रं, केबल, लाकडी घरं. किंमत १९३८ च्या भावानं धरायची, म्हणजे महागाईचा बोजा फिनलंडवर. उशीर झाला की वर दंड. पुढे आकडा कमी होऊन २२.६५ कोटींवर आला.

यांच्याकडे लाकूड होतं, कारखाने फारसे नव्हते. मग गोद्या बांधल्या, कारखाने काढले आणि माल दिला. शेवटची गाडी सप्टेंबर १९५२ मध्ये सीमेपार गेली.

आता मराठी माणसासाठी. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला ऑलिंपिक झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेत होते, तेव्हा यजमान देश दंडाचे शेवटचे हप्ते भरत होता. स्टेडियमवरून जाताना दर वेळी हे मनात येतं.

पोर्कालाची एक गोष्ट. माझ्या एस्पूतल्या घरापासून गाडीनं अर्धा तास. सोव्हिएत तळ होता तेव्हा हेलसिंकी-तुर्कू रेल्वे त्यातून जायची. तळ लागला की डब्यांच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकल्यासारखी झाकणं लावायचे, सोव्हिएत इंजिन जोडायचं, आणि प्रवासी आपल्याच देशात अंधारात बसून राहायचे. लोक त्याला जगातला सगळ्यात लांब बोगदा म्हणायचे. १९५६ ला तो भाग परत मिळाला.

रानजाई | १:२०

जगातला सगळ्यात लांब बोगदा! हे उत्तरात घालता येत नाही, पण लक्षात राहील.

बोरूबहाद्दर | १:४५

फिनलंडचं उदाहरण मला पटत नाही. १९३९ ला आधी हल्ला सोव्हिएत संघानंच केला होता. ज्यानं मार खाल्ला त्यानंच दंड भरायचा, आणि तो निमूट भरला म्हणून आपण शाबासकी द्यायची? भरला, कारण शेजारी स्टालिन होता. याला शिक्षा पचली असं म्हणत नाहीत, मान खाली घातली असं म्हणतात.

एस्पूचा पारा | १:५८

मान्य. इथले म्हातारेही असंच बोलतात. पण १९४१ ला जर्मनीच्या बाजूनं लढाईत उतरले हेही खरं, आणि त्यावर इथे अजून जोरात भांडणं होतात. न्याय झाला असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतोय की इतकी कडक शिक्षा होऊनही सूड उगवला गेला नाही. मग ‘कडक म्हणून युद्ध’ हे समीकरण कुठे गेलं?

फौजीचा नातू | संध्याकाळी ६:४०

आजोबा पाचव्या मराठाच्या पहिल्या पलटणीत होते. आम्ही खटाव तालुक्यातले. इटलीनंतर त्यांची पलटण १९४६ ला जपानला गेली, राष्ट्रकुलाच्या ताबा फौजेत. ब्रिगेडचे कमांडर थिमय्या. कुरे बंदरात उतरले, मग ओकायामाकडे. टोकियोत बादशहाच्या राजवाड्यावर हिंदी शिपायांनाही पाळीनं पहारा असायचा. खटावचा शेतकरी जपानच्या बादशहाच्या दारात बंदूक घेऊन उभा, ही गोष्ट ते कधी फुशारकीनं सांगायचे नाहीत.

काम काय, तर दारूगोळा शोधायचा आणि नष्ट करायचा. तिथल्या लोकांत मिसळायचं नाही असा सक्त हुकूम. आजोबा सांगायचे, गावात शिरलं की बाया पटापट दारं लावून घ्यायच्या आणि त्याची त्यांना फार शरम वाटायची. लंगराशेजारी पोरं येऊन उभी राहायची, काही मागायची नाहीत. मग कोणाच्या तरी हातून पोळ्या ‘चुकून’ राहून जायच्या. येताना एक लाखेचा लाल वाडगा आणला होता, आजी त्यात चिंच ठेवायची. अजून आहे, कडेला टवका उडालाय.

आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, शिक्षा सगळी पोराबाळांनाच होते. युद्धकाळातला पंतप्रधान तोजो फासावर गेला, ठीक. ती पोरं कुठल्या कलमाखाली येत होती?

सुट्टे पैसे | ६:५५

टोकियो खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी कलकत्त्याचे राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष म्हटलं होतं. आपला माणूस!

ऱ्हाइनकाठ | रात्री ८:१०

त्यांनी जपाननं अत्याचार केले नाहीत असं म्हटलेलं नाही, अत्याचार झाल्याचं त्यांच्या निकालपत्रात आहे. त्यांचा आक्षेप जिंकणाऱ्यानं मागाहून कायदा करून हरणाऱ्याला त्यात बसवण्यावर होता. जपानमधले काही लोक त्यातला अर्धाच भाग वाचतात. आपणही तेच नको करायला.

माळढोक | ८:२२

दोस्तांनी जपानशी केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर भारतानं सहीच केली नाही. १९५२ ला जपानशी वेगळा तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडला. त्याआधी १९४९ ला नेहरूंनी टोकियोच्या प्राणिसंग्रहालयाला हत्तीण पाठवली होती. म्हणजे भरपाई घेतली नाहीच, वर हत्ती दिला.

चिंचोका | ८:२५

वसुलीवाले काकांना चक्कर आली असेल.

वसुलीवाले काका | ९:०५

आली होती. पण हिशेब चुकलेला नाही. बड्या खातेदाराशी कधी कधी असंच करावं लागतं.

आता ताईंच्या लेकीच्या प्रश्नाकडे येतो, तो राहूनच गेला. १९४५ ला जर्मनीची शिक्षा व्हर्सायच्या कितीतरी पट होती. १९३७ च्या हद्दीतला जवळजवळ चौथा हिस्सा गेला. पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले. उरलेल्याचे चार ताबे. सोव्हिएत भागात तर रेल्वेचा दुसरा रूळ उखडून नेला. अमेरिकेचा अर्थमंत्री मॉर्गेनथाऊ याचा विचार होता कारखाने मोडून शेतकऱ्यांचा देश करायचा, तो बारगळला. पण यावेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, १९१८ ला जर्मन फौजा अजून परक्या मुलखात होत्या, त्यामुळे "आम्ही हरलोच नाही, घरच्यांनी घात केला" असं सांगायला जागा राहिली. १९४५ ला ती राहिली नाही, बर्लिनच पडलं. दुसरं, वसूल करणारे घरी गेले नाहीत. तिथेच राहिले, आणि त्यांचं आपसात बिनसलं तेव्हा दोघांनाही आपापल्या वाट्याचा जर्मन उभा करायची गरज पडली. अमेरिकेची मार्शल मदत त्यातलीच.

आणि १९५३ ला लंडनमध्ये जुन्या कर्जाचं पुनर्गठन. जवळपास निम्मं माफ, आणि हप्ते झेपतील एवढेच. व्याजाचा एक भाग देश पुन्हा एक झाल्यावर भरायचा ठरलं. त्याचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला गेला. डॉज योजनेच्या काळातल्या रोख्यांचा होता तो. मी निवृत्त व्हायच्या बेतात होतो, पेपरात कोपऱ्यात बातमी आली होती. विभागात सगळ्यांना वाचून दाखवली.

बोरूबहाद्दर | ९:२०

काका, हे पटलं. तरी व्हर्साय कडकच होता.

वसुलीवाले काका | ९:२२

कडक होता हो. मी कुठे नाही म्हणतोय?

शांताराम३३ | रात्री ११:४७

धागा वाचला नाही, पण मुळात हिटलरला चित्रकलेच्या शाळेत प्रवेश दिला असता तर हा प्रश्नच आला नसता.

चिंचोका | ११:४९

आलात? या, बसा.

रानजाई | तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढते, कारण हिशेब द्यायचा राहिला होता. पेपर मिळाले.

प्रश्न तोच आला होता. कन्येनं पुस्तकातल्या अटी सगळ्या लिहिल्या, मग स्वतःचा एक परिच्छेद: ‘तह कठोर होताच, परंतु तो वसूल करणाऱ्या राष्ट्रांत एकमत नव्हते. १९२३ मध्ये तारेचे खांब वेळेवर न दिल्याने फ्रान्सने रूरमध्ये सैन्य घुसवले. याउलट १९४५ नंतर शिक्षा अधिक कठोर असूनही...’ इथे जागा संपली, म्हणून समासात उभं लिहिलंय.

बाईंनी ‘तारेचे खांब’ खाली लाल रेघ मारली आहे, पुढे प्रश्नचिन्ह. मार्क दोन.

वसुलीवाले काका | दहा मिनिटांनी

फेरतपासणीचा अर्ज करा. खांबांचा अर्धा तरी निघतो.